बाई ‘मोकल’ म्हणायच्या

बाईंना बसलेलं मी कधी पाहिलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, कारण स्कूटरवर त्या बसायच्या. पण तिथेही लाल सिग्नल लागला की उतरून स्कूटरच्या शेजारी उभ्या राहायच्या आणि जागच्या जागी पावलं टाकायच्या. सिग्नल हिरवा झाला की मागचे हॉर्न वाजवायला लागायचे. बाई मागे वळून त्यांना हातानेच थांबा म्हणायच्या, सावकाश स्कूटरवर चढायच्या आणि निघायच्या.

आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझाऱ्या चालू असायच्या. त्या मागे गेल्या की पुढच्या मुली डुलक्या काढायच्या आणि पुढे आल्या की मागच्या. मला मात्र त्या आठवतात त्या कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर. मुलींच्या टीमचा चार्ज कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता, कारण तो दुसऱ्या कुणालाच नको होता. आमची टीम युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्याच मॅचला हरून घरी यायची. ड्रॉ लागला की आमच्यासमोर आलेल्या कॉलेजच्या मुली एकमेकींना टाळ्या द्यायच्या. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या डोळ्यांदेखत दिलेल्या आहेत.

बाईंच्या कुर्त्याच्या खिशात कायम खारी शिंग असायची. मॅच चालू असताना त्या कोर्टाच्या कडेने फिरत शेंगदाणे चोळायच्या, फुंकर मारायच्या आणि तोंडात टाकायच्या. मॅच संपली की लाइनीच्या बाहेर लाल सालांची एक पट्टी पडलेली असायची. झाडणारे काका मोठ्याने कुरकुर करायचे. मग बाई त्यांच्यापुढे मूठभर शिंग धरायच्या आणि काका ती खात खात झाडायचे.

आणखी एक खोड म्हणजे त्या स्कोअरबोर्डाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. किती झाले हे कुणी सांगितलेलंही त्यांना खपायचं नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “तिकडे पाहिलं की मी मनात आकडे खेळायला लागते. मग पोरी दिसत नाहीत मला.” आणि प्रत्येक मॅचच्या आधी आम्हाला गोळा करून एकच वाक्य: “मला लागतं आपण हरू. हरायचं तर जरा लवकर हरा, मला दूध घेऊन घरी जायचंय.”

यातलं ‘मला लागतं’ मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. आम्ही मूळचे मिरजेकडचे. बाबांना इथल्या रिफायनरीत नोकरी लागली म्हणून बारावीनंतर बडोद्याला आलो. मला गुजरातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बाई मात्र पिढ्यान् पिढ्या बडोद्याच्या. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या हत्तीखान्यावर कारभारी होते, आणि आम्ही प्रॅक्टिसला उशिरा आलो की बाई म्हणायच्या, “पणजोबांना हत्ती दिले, मला तुम्ही. हत्ती बरे, वेळेवर उठायचे.” त्यांची मराठी घरंदाज, शुद्ध, आणि मध्येच गुजराती. त्यांना वाटायचं आपण मराठीच बोलतोय. ‘मला लागतं’ म्हणजे त्यांच्या लेखी ‘मला वाटतं’. मी पहिल्या दिवशी ते ऐकून कळवळून विचारलं होतं, “कुठे लागलं, बाई?” बाकीच्या मुली हसल्या. बाईंनी मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “ही रिफायनरी भोळी आहे. हिला ठेवू या.”

रिफायनरी म्हणजे मी. बाई कुणालाच नावाने हाक मारत नसत, ती कुठून येते त्यावरून हाक. आमच्या टीममधली सगळ्यात चपळ मुलगी पाणीगेटला राहायची. बॉल बहुतेक वेळ तिच्याच हातात असायचा, आणि तिची जीभ बॉलपेक्षा जोरात चालायची. सगळ्यात उंच मुलगी गोत्रीच्या एका सोसायटीतली, स्वभावाने इतकी गरीब की कुणाला धक्का लागला तर खेळ थांबवून सॉरी म्हणायची. दोघी गुजराती. “पाणीगेट, बघ जरा! गोत्री रिकामी आहे! रिफायनरी, झोपलीस?” हे ऐकून बाहेरून जाणाऱ्या माणसाला आत बसस्टँड आहे असं वाटलं असतं.

माझा बास्केटबॉलशी तोवर काहीच संबंध नव्हता. मिरजेला मी खो-खो खेळलेली. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ पडला की विचार न करता सुटायचं, एवढंच माझ्या अंगात मुरलेलं होतं. बॉल हातात आला की मला भीतीच वाटायची. पण टीमला मुली कमी पडत होत्या आणि मला घरी बसवत नव्हतं. नव्या गावात, नव्या क्वार्टरमध्ये, आईचं सारखं “इथे ओळखी कर, ओळखी कर” ऐकून पायांना नुसती वळवळ सुटलेली. म्हणून गेले.

आता त्या शब्दाकडे येते. बॉल अडकला की बाई ओरडायच्या, “मोकल! मोकल ने!” गुजरातीत मोकल म्हणजे पाठव. पाणीगेटला ते सरळच होतं, बेन म्हणतायत बॉल पाठव, की ती पाठवायची. टीममधल्या इतर मुलीही तेच समजायच्या. इतकी वर्षं तेच चाललं होतं. बॉल एकीकडून दुसरीकडे जायचा, आणि बाकीच्या बसची वाट बघत असल्यासारख्या उभ्या राहायच्या.

पण बाई माझ्याशी मराठीत बोलत. त्यामुळे त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मी मराठी म्हणूनच घेत होते. हॉलच्या गोंगाटात ल काय आणि ळ काय. मला ऐकू यायचं ‘मोकळ’, आणि मी समजायचे ‘मोकळी हो!’ मागे लागलेल्या मुलीपासून सोडव स्वतःला आणि पळ रिकाम्या जागेत. खो पडल्यासारखी मी सुटायचे. एकाच शब्दावर एकीच्या हातातून बॉल सुटायचा आणि दुसरी जागेवरून सुटायची. कधी बॉल मला मिळायचा, कधी माझ्यामागे दोघी पळत आल्यामुळे गोत्री रिंगखाली एकटी राहायची. ती सॉरी न म्हणता बास्केट करायची, कारण सॉरी म्हणायला जवळ कुणी नसायचं. पुढे पुढे मी सोडलेल्या जागेत आपोआप दुसरी कुणी यायला लागली. का येते ते तिलाही ठाऊक नव्हतं.

यातलं काहीच आम्हाला कळत नव्हतं, ही यातली खरी गंमत. मला वाटायचं मी बाईंचं ऐकते. पाणीगेटला वाटायचं ती ऐकते. बाईंना वाटायचं पोरी शेवटी सुधारल्या.

त्या वर्षी पहिली मॅच आम्ही जिंकलो. समोरच्या कॉलेजने त्या दिवशी राखीव मुली उतरवल्या होत्या, मुख्य मुलींना विश्रांती. तेव्हा आम्ही म्हटलं, नशीब. दुसरी मॅच त्यांच्याहून तगड्या टीमशी होती, सगळ्या मुख्य मुली उतरलेल्या, तीही जिंकलो. मॅच संपल्यावर बाई पाठ फिरवून शिंग खात उभ्याच. पाणीगेटने जाऊन त्यांना धरून हलवलं तेव्हा त्यांनी विचारलं, “संपली? मग तुम्ही नाचताय का?” जिंकलो हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. “हवे शुं करीशुं,” असं पुटपुटत त्या तीनदा कोर्टाला फेरी मारून आल्या. म्हणजे, आता काय करायचं. दूध घेऊन घरी जायचंही त्या दिवशी विसरल्या असणार, कारण आम्हा सगळ्यांना घेऊन शेव-उसळ खायला गेल्या आणि तिथेही उभ्यानेच खाल्ली.

एका गुजराती पेपरात आमचा फोटो आला. बाई एका जागी उभ्या राहायला तयार नव्हत्या, त्यामुळे फोटोत त्यांचा फक्त कोपर आहे. तो फोटो कॉलेजच्या ट्रस्टींनी पाहिला, आणि इथून आमचे दिवस फिरले.

हरत होतो तेव्हा आमची टीम कोण चालवतं याची कुणाला पडली नव्हती. जिंकायला लागल्यावर सगळ्यांना एकदम लक्षात आलं की अरे, यांना तर रीतसर कोचच नाही, इतिहासाच्या बेन आहेत. सेमीफायनलच्या आठवडाभर आधी प्रिन्सिपल साहेब एका तरुण सरांना घेऊन कोर्टावर आले. सर शिकलेले कोच होते, गळ्यात शिट्टी, हातात टॅब. साहेबांनी आमच्यासमोरच बाईंना सांगितलं, “बेन, पुढच्या मॅचला तुम्ही दोघंही बेंचवर असाल. ट्रस्टी बघायला येणार आहेत. मग टीम कोणाला द्यायची ते ठरवतील.”

बाई म्हणाल्या, “सारू.” बरं, एवढंच. आणि चालायला लागल्या.

माझं डोकं फिरलं. मी तशी शांत मुलगी कधीच नव्हते. त्या संध्याकाळी कोर्टामागच्या नळापाशी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं की सेमीफायनल जिंकायचीच. जिंकलो तर बाईंना हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. पाणीगेट म्हणाली, “और क्या! बेन के सिवा अपन को पूछता कौन था?” गोत्रीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने स्वतःहून एखाद्या गोष्टीसाठी भांडायचं ठरवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बाईंना त्या कोर्टाशिवाय दुसरं काही नव्हतं. घरी म्हातारी आई, आणि ती दिवसभर झोपून. बाई कोर्टावरून निघताना नेहमी दोनदा तरी परत यायच्या, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून. विसरलेलं काहीच नसायचं.

आता मी रागाने सांगते आहे म्हणून सर वाईट होते असं कुणी समजू नये. माणूस चांगला होता. घोळ त्यांच्या चांगुलपणामुळेच झाला. त्यांनी आमच्या मॅचचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले, आणि बाई ओरडल्यावर एक मुलगी बॉल टाकते आणि दुसरी नेमकी त्याच वेळी पळते, हे त्यांना इतकं आवडलं की ही युक्ती कुणाची म्हणून ते शोधायला निघाले. बाई म्हणाल्या, “कसली युक्ती?” मग सरांनी आम्हाला एकेकीला विचारलं, “बेन चिल्लाती हैं तब तुम क्या समझती हो?”

पाणीगेट म्हणाली, “भेज दो.”

मी म्हणाले, “खाली जगह पे भागो.”

पाणीगेट माझ्याकडे बघतच राहिली. “भागो? किसने बोला भागो? अरे, मोकल एटले मोकल!”

“मोकळ म्हणजे मोकळी हो!”

“आ शुं बोले छे?”

आमचं तिथेच जुंपलं. मी जीभ टाळूला लावून ळ काढून दाखवत होते आणि ती ल. सर हसता हसता खाली बसले. मग सगळ्याच हसायला लागल्या, मीही हसले. फक्त बाई हसल्या नाहीत. त्या लाइनीवरून चालत तो शब्द हळू आवाजात म्हणून बघत होत्या, एकदा असा, एकदा तसा. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “म्हणजे सगळा सीझन मी तुला हे सांगत होते?”

“मला वाटलं तेच सांगताय.”

“मी कधीच पळ म्हणाले नव्हते गं. मला सुचलंच नव्हतं.”

दुसऱ्या दिवशीपासून खेळ बिघडला. बाई ओरडल्या की पाणीगेट बॉल हातात धरून माझ्याकडे बघायची, ही पळते का म्हणून. मी तिच्याकडे बघायचे, ही टाकते का म्हणून. गोत्री दोघींकडे बघायची. तोवर समोरची मुलगी बॉल काढून घेऊन निघून गेलेली असायची. सरांनी पळायला वेगळा शब्द ठरवून पाहिला, पण तोही कानावर पडला की आधी डोक्यात जायचा आणि मग पायात, आणि तोवर उशीर. सर स्वतः कानकोंडे झाले. मला म्हणाले, “मैंने पूछना ही नहीं चाहिए था.” पण विचारून तर झालं होतं. सेमीफायनलला फक्त दोन दिवस उरले होते, आणि मला रात्रभर झोप नाही, दिवसा जेवण नाही, आई विचारते काय झालंय आणि मी सांगू काय, तर ल आणि ळ?

फायनल आम्ही हरलो, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. मला सांगायची आहे ती सेमीफायनल.

मॅच दुसऱ्या कॉलेजच्या हॉलमध्ये होती. ट्रस्टी वरच्या खुर्च्यांवर ओळीने बसले होते, प्रिन्सिपल साहेब त्यांच्या मध्ये. पहिल्या हाफमध्ये बाई नेहमीसारख्या ओरडल्या, आणि आम्ही नेहमीपेक्षा वाईट खेळलो. प्रत्येक ‘मोकल’ला आमच्यातली कुणीतरी दचकायची. मला तर वाटत होतं प्रत्येक हाकेबरोबर बाई आमच्या हातून एकेक पाऊल दूर जातायत, आणि ते दिसत असून मला काही करता येत नाही. एकदा बॉल माझ्या पायावर आदळून बाहेर गेला आणि वरून कुणीतरी हसलं.

हाफ टाइमला सर टॅबवर बाण काढून दाखवत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. बाई आमच्या मागे दोन-तीन चकरा मारून आल्या आणि थांबल्या. सरांना म्हणाल्या, “मारो अवाज आ छोकरीओना पगमां आवे छे.” माझा आवाज या पोरींच्या पायात येतोय. “हुं बहार जाऊं छुं.”

सरांनी वर, खुर्च्यांकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाले, “बेन, सब देख रहे हैं. अभी आप बेंच छोड़ के जाओगी तो…”

“खबर छे,” बाई म्हणाल्या. म्हणजे, माहीत आहे. आणि बाजूच्या दारातून बाहेर गेल्या.

दुसऱ्या हाफची सुरुवात भयंकर होती. त्यांच्या आवाजाची इतकी सवय होती की कोर्ट एकदम मोठं वाटायला लागलं. हॉलची बाजूची दारं उघडी होती आणि बाई बाहेरून हॉलला फेऱ्या मारत होत्या. थोड्या थोड्या वेळाने एका दारातून दिसायच्या, मान खाली, हात पाठीमागे, आणि पुढे जायच्या. आत एकदाही पाहिलं नाही त्यांनी. मग मला आठवत नाही नेमकं केव्हा, पाणीगेटने माझ्याकडे बघायचं सोडलं. मीही वाट बघायची सोडली. मी पळाले आणि बॉल तिथे होता. गोत्रीने कुणालातरी चक्क खांद्याने बाजूला सारलं आणि सॉरी म्हटलं नाही. कुणी काही ओरडत नव्हतं, त्यामुळे समोरच्या मुलींना काही कळेना. त्या एकमेकींवर ओरडायला लागल्या. शेवटी आम्ही एका बास्केटने पुढे होतो आणि शिट्टी वाजली.

सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी धावत बाहेर गेले. बाई हॉलच्या मागच्या बाजूला होत्या, तशाच चालत. मला त्यांच्याबरोबर चालावंच लागलं.

“बाई, जिंकलो!”

“कुणाला लागलं का? खरंच लागलं, म्हणते मी.”

“नाही. बाई, आपण फायनलला आलो! आता तुम्हाला कोण काढतंय तेच बघते मी.”

“आता तर काढतीलच,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं, वर्गात सनावळी सांगावी तसा आवाज. “वर बसलेल्यांनी बघितलं ना. मी ओरडत होते तोवर तुम्ही मागे. मी गेले आणि तुम्ही जिंकलात. आता त्यांनी दुसरं काय ठरवावं?”

माझे पाय थांबले. त्या पुढे गेल्या, मला पळत गाठावं लागलं.

“तुम्हाला हे मध्येच माहीत होतं? बाहेर जाताना?”

“हो.”

“मग जायचं नव्हतं! ओरडायचं होतं!”

“हरला असतात.”

“मग हरलो असतो!” मी इतक्या जोरात ओरडले की पार्किंगमधल्या माणसाने वळून पाहिलं. “तुमच्यासाठीच जिंकायचं होतं आम्हाला. तुम्ही राहाव्यात म्हणून. नाहीतर काय करायचीय ती फायनल?”

बाई थांबल्या. माझ्यावर त्या खऱ्या चिडल्या ते तेवढंच एकदा. “टीम माझ्याकडे राहावी म्हणून टीमने हरायचं? मग ती माझी टीम कसली गं?”

मला फक्त रडू येत होतं आणि राग येत होता, त्यांचा, सरांचा, त्या खुर्च्यांचा, त्या ळ चा. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. बाईंनी ओढणीने माझं तोंड पुसलं, जरा खसाखसाच, आणि म्हणाल्या, “आत जा. घाम वाळायच्या आत स्वेटर घाल.”

आतून पोरी हाका मारत होत्या. पाणीगेटचा आवाज सगळ्यांच्या वर, आम्हा दोघींना बोलवत होता. मी दाराकडे वळले, तर बाई मागून म्हणाल्या, “थांब. एक फेरी मार माझ्याबरोबर, मग जा.”

आम्ही एक फेरी मारली. दार आलं तेव्हा मी आत गेले. त्या आल्या नाहीत.